भंगारयार्डात सापडलेली १९७० ची प्लिमथ कुडा ही अमेरिकन गाडी खरी हेमी आहे का, कसं ओळखायचं?

खरी हेमी म्हणजे ४२६ घनइंचाचं ताकदवान ‘हेमी’ इंजिन घालूनच कारखान्यातून निघालेली गाडी. पण आज आत असलेल्या इंजिनावरून ठरवू नका. ४२६ हेमी इंजिनं ड्रॅग रेसिंगसाठी (सरळ रस्त्यावरच्या छोट्या शर्यतींसाठी) सर्रास काढून नेली जायची. अस्सल गाडीचं बॉनेटही आतून रिकामं निघू शकतं. ड्रायव्हरच्या बाजूला, काचेखाली डॅशबोर्डवर चासी नंबरची पट्टी असते. हार्डटॉप, म्हणजे पक्क्या छताच्या गाडीचा नंबर ‘बीएस२३आर०’ असा सुरू व्हायला हवा. पाचव्या जागी ‘आर’ म्हणजे हेमी, पुढचं शून्य म्हणजे १९७०. ‘आर’च्या जागी ‘यू’ किंवा ‘व्ही’ असेल तर गाडी ४४० इंजिनाची, हेमी नव्हे. मग रेडिएटरजवळच्या पत्र्यावर ठोकलेले आकडे पट्टीशी जुळतात का पाहा, कारण पट्टी बदलता येते. हार्डटॉप हेमी कुडा अवघ्या ६५२ बनल्या. सांगाडा कितीही गंजलेला असो, नंबर वाचल्याशिवाय तो तोडायला अजिबात देऊ नका!