वाचकांचे प्रश्न : आफ्रिकी कादंबऱ्या वाचायच्या, तर सुरुवात कोठून करावी?

प्रश्न : पावसाळ्यात होड्या शाकारून झाल्या की आमच्या वाचनालयात दहा-बारा जण मिळून एक विषय धरून वाचन करतो. यंदा आफ्रिकी कादंबऱ्या ठरल्या आहेत. निम्म्या मंडळींना इंग्रजी सावकाश वाचता येते. सुरुवात कोणत्या पुस्तकापासून करावी?
– एक वाचक, हर्णै

उत्तर : अशा वेळी नायजेरियाचे चिनुआ अचेबे यांच्या ‘थिंग्ज फॉल अपार्ट’चे (१९५८) नाव प्रथम घेतले जाते आणि ते योग्यच आहे. तरीही आपण किनाऱ्यावरचे वाचक आहात, म्हणून मी अब्दुलरझाक गुर्ना यांची ‘बाय द सी’ (२००१) आधी घ्या असे म्हणेन. गुर्ना यांचा जन्म १९४८ साली आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याजवळच्या झांझिबार बेटावर झाला. २०२१चे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले.

कादंबरीतला म्हातारा सालेह ओमर आश्रय मागण्यासाठी लंडनच्या गॅटविक विमानतळावर उतरतो. त्याला इंग्रजी येते, पण तो येत नसल्यासारखा गप्प उभा राहतो. अधिकारी त्याची पिशवी उपसतो, तिच्यातली लहानशी पेटी उघडतो, आतल्या उदाचा वास घेतो आणि पेटी स्वतःकडे ठेवून घेतो. हा ऊद त्याला ज्या व्यापाऱ्याकडून मिळाला, तो मोसमी वाऱ्यांबरोबर बहारीनहून आलेला होता. हिवाळ्यात ईशान्येकडून वाहणारे वारे अरबस्तानच्या आणि आपल्या किनाऱ्यावरची गलबते आफ्रिकेकडे नेत, आणि नैर्ऋत्येचे वारे सुरू झाले की ती परत फिरत. पूर्व आफ्रिकेतल्या स्वाहिली भाषेतला ‘मुसिमु’ आणि आपला ‘मोसम’ हे शब्दही एकाच अरबी शब्दापासून आले आहेत. पुढे कथा येते ती कर्जाच्या तारणात हातचे गेलेल्या एका घरावर आणि त्यापायी दोन कुटुंबांत धरलेल्या अढीवर. कोकणात हे कोणाला समजावून सांगावे लागणार नाही.

अचेबे त्यानंतर वाचावेत. त्यांच्या कादंबरीचा नायक ओकोंक्वो याची पत मोजली जाते ती यामच्या कंदांवर, म्हणजे आपल्या कोनफळाच्याच भाऊबंदांवर. लागवडीपूर्वीच्या पवित्र आठवड्यात तो बायकोला मारतो आणि भूदेवीचा अपराधी ठरतो, तो प्रसंग सावकाश वाचावा. हे पुस्तक नायजेरियातल्या इग्बो लोकांच्या चालीरीतींची माहिती म्हणून वाचले, तर त्या माणसाच्या मनातली भीती हातून निसटते, आणि कादंबरी तर त्या भीतीचीच आहे.

केनियाचे न्गुगी वा थिओंगो यांनी तुरुंगात शौचालयाच्या कागदावर आपल्या गिकुयू भाषेत कादंबरी लिहिली. ‘डेव्हिल ऑन द क्रॉस’ हा तिचा त्यांनीच केलेला इंग्रजी अनुवाद. ती पुढच्या वर्षासाठी ठेवावी.

इंग्रजी सावकाश वाचणाऱ्यांसाठी सेनेगलच्या मारियामा बा यांची मूळ फ्रेंच, १९७९ सालची ‘सो लाँग अ लेटर’ घ्यावी. नवऱ्याच्या मृत्यूनंतर घरात बसलेली रामातुलाये जुन्या मैत्रिणीला पत्र लिहिते आणि त्यात नवऱ्याने मुलीच्याच मैत्रिणीशी केलेल्या दुसऱ्या लग्नाची हकीकत सांगते. पुस्तक शंभरेक पानांचे आहे. इंग्रजी येणाऱ्या एकाने थोडे थोडे मोठ्याने वाचून लगेच मराठीत सांगितले, तर ते चार-पाच बैठकांत पुरे होईल.