रिपोर्ट चांगले, तरी आई गळून गेलेली का?

सीआरपी (शरीरातला दाह दाखवणारी रक्ततपासणी) नॉर्मल, सूज उतरलेली, तरी आई दुपारपर्यंत गळून जाते आणि घरचे म्हणतात टाळाटाळ करते, असं तुम्ही लिहिलंय. टाळाटाळ नाही ती. आरएमध्ये, म्हणजे रुमॅटॉइड आर्थ्रायटिस या सांधे सुजवणाऱ्या संधिवातात, सूज मोजता येते. थकवा रक्तात दिसत नाही, म्हणून तपासणीत राहूनच जातो.

आधी एक गोष्ट बघा. डॉक्टर डास-२८ चा, म्हणजे आजाराचा जोर मोजणारा, स्कोअर काढत असतील तर त्यात २८ सांधे मोजतात. घोटे आणि पावलांचे सांधे त्यात येतच नाहीत. २.६ च्या खाली स्कोअर म्हणजे आजार शांत, असं धरतात, पण त्याच वेळी बाईला पाऊल टेकवताना खाली खडे आल्यासारखं वाटत असू शकतं. पुढच्या भेटीत चपला-मोजे काढून पाय दाखवा.

थकव्याचं कारण बहुतेकदा एकच नसतं. दाह, कमी हिमोग्लोबिन, कूस बदलताना दुखून मोडणारी झोप, न वापरल्याने उतरलेले स्नायू, थायरॉइड, आणि मनाची उदासी. शेवटचं कोणी विचारत नाही, पण या आजारात नैराश्य बरंच आढळतं. मेथोट्रेक्सेट (आरएवरचं नेहमीचं औषध) घेतल्यावर दुसरा दिवस मळमळीत जात असेल तर वार बदलण्याबद्दल डॉक्टरांशी बोला. ही गोळी आठवड्यातून एकदाच असते. चुकून रोज घेतली तर तोंडात फोड येतात, पांढऱ्या पेशी घसरतात, जिवावरही बेततं. पाकिटावर मार्करने वार लिहून ठेवा. त्यासोबतचं फॉलिक अॅसिड हे जीवनसत्त्व सहसा वेगळ्या दिवशी देतात, तोही वार लिहा.

'बरं वाटत नाही' एवढ्यावरून डॉक्टरांना काही कळत नाही. दोन आठवडे तीनच गोष्टी टिपा: सकाळी आखडलेले सांधे मोकळे व्हायला किती मिनिटं लागली, रात्री किती वेळा जाग आली, कोणतं काम अर्धवट सोडलं. बटण लावता येतं का, नळ पिळता येतो का, हेही लिहा. आखडणं अर्ध्या तासावरून दीड तासावर गेलं, तर रिपोर्ट काहीही म्हणो, भेटीची तारीख अलीकडे घ्या.

घरात मुख्य चूक होते ती बऱ्या दिवशी. हात चालतात म्हणून साठलेली सगळी कामं उरकायची, मग दोन दिवस अंथरूण. २०-२५ मिनिटं काम, मग बसणं, आणि हे दुखायला लागायच्या आधी. बरणीचं झाकण बोटांनी पिळू नये. बरणीखाली ओलं फडकं, झाकणावर सपाट तळवा, आणि जोर खांद्यातून. पिशवी बोटांत न अडकवता कोपराच्या घडीत. पूर्ण विश्रांती मात्र नको, रोजचं चालणं आणि हलके व्यायाम थकवा कमी करतात.

एकच सांधा अचानक लाल-गरम झाला आणि ताप आला, किंवा मान दुखून हातापायांना मुंग्या येऊ लागल्या, तर वहीत टिपत बसू नका. त्याच दिवशी दाखवा.