प्रशिक्षक काढला तरी पैसे कसले?

प्रश्न : मुलगा टेक्सासमध्ये शिकतो. तिथल्या कॉलेज फुटबॉलमध्ये काढलेल्या प्रशिक्षकाला कोट्यवधी डॉलर देतात म्हणे. घरी बसायचे पैसे? (पुणे)

उत्तर : हो, कारण करारात ‘बायआउट’ असतो. कराराची मुदत संपण्याआधी विद्यापीठाने ‘सबळ कारणा’शिवाय काढले, तर उरलेल्या पगाराचा ठरलेला हिस्सा द्यावा लागतो. टेक्सास ए अँड एम विद्यापीठाने नोव्हेंबर २०२३ मध्ये प्रशिक्षक जिम्बो फिशर यांना काढले. करार २०३१ पर्यंतचा आणि उरलेला पगार पूर्ण हमीचा होता. हिशेब असा: ६० दिवसांत १ कोटी ९२ लाख डॉलर, मग २०३१ पर्यंत दरवर्षी ७२ लाख. एकूण सुमारे ७ कोटी ६८ लाख!

खरी मेख ‘मिटिगेशन’च्या कलमात असते. ते असेल तर प्रशिक्षकाने नवी नोकरी शोधायची, आणि तिथला पगार जुन्या विद्यापीठाच्या देण्यातून वजा होतो. फिशर यांच्या करारात ते नव्हतेच. आमच्या मते ती चूक सहीच्या दिवशीच झाली.

हरणे हे ‘सबळ कारण’ धरले जात नाही. गैरवर्तन धरले जाते. मिशिगन स्टेट विद्यापीठाने २०२३ मध्ये प्रशिक्षक मेल टकर यांना त्याच आधारे काढले आणि उरलेले सुमारे ८ कोटी डॉलर नाकारले. अशी प्रकरणे मग कोर्टात जातात.

उलट प्रशिक्षकच सोडून गेला, तर भरपाई त्याने द्यायची. ती बहुधा नवे विद्यापीठच भरते.