आधी बाहेर जा

प्रिय मुली,

तुझं पत्र येऊन आठवडा झाला. इम्बोल्क करायचंय तुला, विक्काचा, म्हणजे स्वतःला 'विच' म्हणवणाऱ्या त्या निसर्गपूजक पंथाचा, १ फेब्रुवारीचा सण. तीन पानं, आणि त्यातली अडीच नुसती यादी. पेला चांदीचाच हवा की स्टीलचा चालेल? अ‍ॅथमे, म्हणजे विधीची सुरी, नाही, मग भाजी चिरायची सुरी वापरली तर दोष लागेल का? विधीसाठी भोवती सर्कल काढायचं तर मध्ये पलंग येतो. भाडेकरारात मेणबत्तीला मनाई आहे आणि छतावरचा अलार्म उदबत्तीनेसुद्धा कोकलतो. अगदी शेवटी, कागद संपत आला म्हणून बारीक अक्षरात: "मावशी, हे माझं आहे का? की मी दुसऱ्याचं उचलतेय?"

त्या शेवटच्या ओळीने मला झोप लागली नाही. पण आधीच्या अडीच पानांनी मी चिडले, तेही लपवत नाही. इम्बोल्क हा ऋतूचा सण, आणि तुझ्या तीन पानांत ऋतू कुठेच नाही. लीड्समध्ये तुझ्या खिडकीबाहेर काय चाललंय? संध्याकाळी लायब्ररीतून निघतेस तेव्हा अजून मिट्ट काळोख असतो, की आभाळाच्या कडेला थोडा उजेड रेंगाळतो? कोपऱ्यावरच्या चर्चच्या आवारात काही उगवलंय का? याबद्दल एक अक्षर नाही.

आधी बाहेर जा. यादी नंतर.

मी एवढी चिडले कारण हेच सगळं मी केलेलं आहे. १९९७ सालचं माझं पहिलं इम्बोल्क. दोन महिने पगारातून पैसे बाजूला काढून काळ्या मुठीची सुरी, पितळी धूपदाणी आणि पांढरा झगा पोस्टाने मागवला होता. शेजाऱ्यांना दिसू नये म्हणून पडदे घट्ट ओढले. म्हणायचे शब्द पुस्तकातून कागदावर उतरवून घेतले होते, तो कागद डोळ्यांसमोर धरून वाचत सुटले. पूर्वेला मेणबत्ती ठेवायची होती आणि पूर्वेलाच खिडकी होती. पडदा नायलॉनचा. कधी पेटला कळलंच नाही. वास आला तेव्हा खालची कड वितळून काळी झाली होती आणि तिचे थेंब कार्पेटवर पडत होते. नैवेद्याचं दूध ओतून ते विझवलं. मग धूर जावा म्हणून खिडकी उघडली, आणि त्या संध्याकाळी पहिल्यांदा बाहेर बघितलं. पाच वाजत आले होते, तरी मागच्या अंगणाची भिंत स्पष्ट दिसत होती. भिंतीच्या पायथ्याशी स्नोड्रॉपचा, हिवाळा सरताना येणाऱ्या त्या पांढऱ्या फुलांचा, एक झुबका फुलला होता. आठ-दहा दिवस तरी तो तिथे असणार. मी जिला कागदावरून बोलावत होते ती ब्रिजिड, या सणाची देवी, आठ-दहा दिवस दाराशी उभी होती.

इम्बोल्क या जुन्या आयरिश शब्दाचा अर्थ बहुतेक जण 'पोटात' असा लावतात. मेंढ्या गाभण असतात, आचळांत दूध उतरायला लागतं, त्याचा हा सण. मी राहते त्या स्किप्टनच्या वरच्या अंगाला यॉर्कशर डेल्समधल्या डोंगरांवर स्वेलडेल मेंढ्या एप्रिलमध्ये वितात. म्हणजे १ फेब्रुवारीला तिथे सगळं खरोखरच पोटात असतं. याच सुमाराला शेतकरी सोनोग्राफी करणाऱ्याला बोलावतात. एकेक मेंढी पिंजऱ्यातून पुढे सरकते, तो पडद्यावर बघून आकडा ओरडतो, आणि पोटात एक आहे की दोन त्याप्रमाणे तिच्या लोकरीवर रंगाचा ठिपका मारतात. गेल्या वर्षी कुंपणाशी उभी राहून मी हे तासभर बघितलं. ओल्या लोकरीतून वाफ निघत होती. एका मेंढीचा निळा ठिपका पावसाने ओघळून पार बरगडीपर्यंत आला होता. घरी आले, हात धुतले, एक दिवा लावला. एवढंच केलं त्या वर्षी, आणि तेवढं पुरलं.

तुला डोंगरावर जायला जमणार नाही, कबूल. पण स्नोड्रॉप शहरातही असतात. झाडाखाली, कबरींच्या मधल्या गवतात, पार्कच्या कडेला. फूल मान खाली घालून असतं. तोडू नकोस. गुडघ्यावर बस आणि एका बोटाने त्याची मान वर कर. आतल्या आखूड पाकळ्यांवर हिरवी खूण दिसेल. ती बघितल्याशिवाय खोलीत यायचं नाही. (ते विषारी आहे, कंदापासून फुलापर्यंत. दुधाच्या पेल्यात सजावट म्हणून टाकायचं तुझ्या मनात येईल, मी ओळखते तुला. ते करू नकोस.)

आता तुझं 'बरोबर होईल ना'. मुली, हे आठ सणांचं चक्र आजच्या रूपात १९५० च्या दशकाच्या शेवटी बसलं. माझी मोठी बहीण तेव्हा रांगत होती. विक्का लोकांसमोर आणणारा जेराल्ड गार्डनर हा मलायातून निवृत्त होऊन परतलेला कस्टम्स अधिकारी. १९५१ साली विचक्राफ्टचा जुना कायदा रद्द झाला आणि १९५४ मध्ये त्याने उघडपणे पुस्तक छापलं. त्याच्या सर्कलमधल्या डोरीन व्हॅलिएंटेने कितीतरी शब्द स्वतः नव्याने लिहिले, आणि ते चांगले आहेत म्हणून टिकले. त्यातले काही सण मात्र जुने आहेत. इम्बोल्क तर फारच जुनं. पण ते एका साच्यातून निघालेले नाहीत. तेव्हा चुकण्याची भीती सोड. दीक्षेशिवाय विक्का नाही असं काही कव्हनवाले, म्हणजे दीक्षा देणाऱ्या गटांतले लोक, तुला सांगतील. मलाही एकीने सांगितलं, आणि तिच्या होकाराची वाट बघत मी चार वर्षं काहीच केलं नाही. चार वर्षांतले बत्तीस सण. ते मला कोणी परत देणार नाही. त्यानंतर मी कोणालाच विचारलं नाही, आजही विचारत नाही. याला कोणी हट्ट म्हणत असेल तर म्हणू दे.

आणि बाहेर जा असं मी सारखं म्हणते ते माझ्या पदरचं नाही. हा सणच तसा आहे. आयर्लंडात ३१ जानेवारीच्या रात्री घरातलं कोणीतरी लव्हाळ्यांची मोळी घेऊन बाहेर जायचं आणि दार ठोठावून म्हणायचं, ब्रिजिडला आत घ्या. आतले सगळे तिचं स्वागत करायचे, आणि मग त्याच लव्हाळ्यांचे क्रॉस विणायचे. स्कॉटलंडच्या पश्चिमेकडच्या बेटांवरची चाल मार्टिन मार्टिनने १७०३ साली छापलेल्या पुस्तकात नोंदवली आहे. ओटच्या पेंढीला बाईचे कपडे घालायचे, तिला मोठ्या टोपलीत निजवायचं, शेजारी लाकडी दांडा ठेवायचा आणि 'ब्रीद (म्हणजे ब्रिजिडच) आली, तिचं स्वागत' असं तीनदा म्हणायचं. सकाळी चुलीच्या राखेत त्या दांड्याची खूण उमटली का ते बघायचं.

वाचताना तुझ्या डोळ्यांपुढे काय आलं ते मला माहीत आहे. उंबऱ्यातून आत येणारी गौर, हळदीकुंकवाची पावलं, आणि 'गौर कशाच्या पावलांनी आली?' मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून रडले होते. तरी 'सगळं एकच' असं म्हणू नकोस. ब्रिजिड म्हणजे गौर नाही. ती लोहारांची, कवींची, झऱ्यांची, आणि तिच्याच नावाची किल्डेअरची संत आयर्लंडने आजपर्यंत जपली आहे. तिला आपल्या देव्हाऱ्यातल्या नावाने हाक मारणं हा तिचा मान नव्हे. पण बाहेर जाऊन कोणाला तरी घरात कसं आणायचं, हे तुझ्या हातांना सांगलीपासून येतं. ते उसनं नाही. आणि ज्या मातीवर तू तीन हिवाळे काढलेस तिचा उजेड परतताना बघणं, याला चोरी कसं म्हणायचं? उचलेगिरी त्याची, जो बाहेर न जाता नुसतं सामान गोळा करतो. मी केली होती तशी.

आता आईचं. तू विचारलं नाहीस, पण 'घरी काय सांगू' हे प्रत्येक ओळीमागे दिसतं.

माझी आई २००४ मध्ये जानेवारी-फेब्रुवारीत सहा आठवडे माझ्याकडे होती. ३१ तारखेच्या रात्री कापडाची एक पट्टी खिडकीबाहेर ठेवायची असते. ब्रिजिड जाताना तिला स्पर्श करते म्हणतात, आणि ती वर्षभर दुखण्याखुपण्याला वापरतात. मी आईच्याच जुन्या सुती लुगड्याचा तुकडा ठेवला होता. सकाळी मी उठायच्या आत तिने तो आत आणला. दहिवराने कडक झालेला, जिथे दुमडावा तिथे मोडल्यासारखा आवाज करणारा. तिने तो रेडिएटरवर पसरला आणि म्हणाली, "हे बाहेर राहिलं होतं गं." मी म्हटलं, "हो, पडलं असेल."

एवढंच. बावीस वर्षं मी त्या वाक्याला कारणं जोडत आले. तिचे गुडघे दुखत होते, तिला कशाला घोर. आणि 'विच' म्हटलं की तिला चेटकीणच ऐकू आलं असतं. आपल्याकडे तो शब्द चिकटवून बायकांना मारलंय, तो मी आईसमोर कसा ठेवणार होते? हे सगळं खरं आहे. अजूनही मला तसंच वाटतं. पण तिला शब्द सांगायची गरज नव्हती. तिला हात धरून अंगणात नेऊन स्नोड्रॉप दाखवता आला असता. तिने पुढचं स्वतःच विचारलं असतं. २०११ च्या जनगणनेत धर्माचा रकाना मी कोरा सोडला, आईला तो कधीच दिसणार नव्हता तरी. २०२१ मध्ये विक्का लिहिलं. इंग्लंड आणि वेल्समध्ये सुमारे १३ हजार जणांनी तसं लिहिलं. आई तोवर गेली होती.

तू घरी फोन करशील तेव्हा धर्माचं नाव घेऊ नकोस. बाहेर काय बघितलंस ते सांग.

तुझ्या याद्यांची उत्तरं थोडक्यात. पेला स्टीलचा चालेल. सुरी लागत नाही. सर्कल बोटानेही काढता येतं, पलंग आत घे. मेणबत्ती लावू नकोस, करार मोडायचं कारण नाही. सूर्य मावळला की घरातला प्रत्येक दिवा एकदा लाव, न्हाणीघरातला, जिन्यातला, ओव्हनच्या आतला सुद्धा, आणि मग एकेक विझव. घरात राहणाऱ्या मुली विचारतील. सांग त्यांना, त्यांच्यातलीच एखादी आतून 'ये' म्हणेल. लव्हाळे ओल्या कुरणात मिळतात, तुला नाही मिळाले तर कागदी स्ट्रॉ घे. एक उभी धर, दुसरी मध्यावर तिच्याभोवती दुमड, पाव वळसा फिरव, पुन्हा दुमड. बारा-चौदा झाल्या की चारही टोकं दोऱ्याने बांध. दूध, लोणी, घरी भाजलेलं काहीही. भाकरी येत असेल तर भाकरी कर.

कापडाची पट्टी सोबत पाठवते आहे. तीच, लुगड्याची, मी तिचे दोन तुकडे केले. ३१ ला रात्री बाहेर ठेव, सकाळी आत घे. मग मला फोन कर. पण तिथे, चर्चच्या आवारात, उभी राहून कर. खोलीतून केलास तर मी उचलणार नाही.

तुझी,
मावशी