फुटबॉलमध्ये डिफेंडरची कारकीर्द नेमकी कशावरून मोजायची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगी १३ वर्षांची, क्लबच्या संघात स्टॉपरला, म्हणजे बचावफळीच्या मधोमध, खेळते. आता तिला फॉरवर्डला जायचंय, कारण पेपरात नाव येतं ते गोल करणाऱ्याचं. जन्मभर मागेच खेळून मोठा झालेला एखादा खेळाडू तिला सांगता येईल का, असं तुम्ही विचारलंय.

मी कॉलेज संपेपर्यंत स्टॉपरच खेळलो, त्यामुळे तिची तक्रार मला पटते. गोल वाचवला तर तो झालाच नाही, म्हणून कुणी मोजत नाही. झाला तर सगळे मागे वळून आपल्याकडे बघतात. तिला सांगण्यासाठी मी एकच नाव निवडेन, बिली मॅकनील. स्कॉटलंडचा, ग्लासगोच्या सेल्टिक क्लबचा सेंटर हाफ (म्हणजे स्टॉपरच) आणि कॅप्टन.

जन्म २ मार्च १९४०, ग्लासगोजवळच्या बेल्सहिल गावात. हा सगळा पट्टा कोळशाच्या खाणींचा आणि पोलादाचा. वडील लष्करात, आईच्या घरचे मूळचे लिथुएनियाचे. (मँचेस्टर युनायटेडचे मॅनेजर मॅट बस्बीही इथलेच. एवढ्याशा गावाने फुटबॉलला काय काय दिलंय!) शाळकरी मुलांच्या स्कॉटलंड-इंग्लंड सामन्यात जॉक स्टीनने त्याला हेरलं. स्टीन स्वतः खाणीत काम केलेला माणूस, सेल्टिकचा माजी सेंटर हाफ आणि कॅप्टन, त्या वेळी तिथल्या राखीव संघाचा प्रशिक्षक. आपल्याच जागेवर खेळणारा उंच, ताठ पोरगा त्याच्या नजरेतून सुटला नाही. १९५७ मध्ये मॅकनील क्लबमध्ये आला आणि पुढच्या वर्षी मुख्य संघात उतरला.

इथून पुढची सात वर्षं तुमच्या मुलीला जरूर सांगा, कारण मॅकनीलची आठवण काढणारे लोक ही वर्षं गाळतात. या काळात सेल्टिकने एकही मोठी स्पर्धा जिंकली नाही. एप्रिल १९६१ मध्ये मॅकनील स्कॉटलंडकडून पहिला सामना खेळला, तोही वेम्बलीवर, इंग्लंडविरुद्ध. निकाल ९-३. २१ वर्षांच्या सेंटर हाफच्या पदार्पणात नऊ गोल! त्यानंतर अकरा दिवसांनी स्कॉटिश कपची फायनल, दुसऱ्यांदा खेळवलेली. सेल्टिक ती डनफर्मलिन या क्लबकडून २-० ने हरलं. डनफर्मलिनचा मॅनेजर होता जॉक स्टीन, ज्याने त्याला शोधलं तोच. एवढं पदरी पडल्यावर चांगले चांगले खेळाडू खचतात. हा टिकला, आणि पुढे त्याच्या हातून जे घडलं त्याचं श्रेय मी या टिकण्याला देतो.

मार्च १९६५ मध्ये स्टीन मॅनेजर म्हणून सेल्टिकला परतला. पुढच्याच महिन्यात स्कॉटिश कपची फायनल, समोर पुन्हा डनफर्मलिन. मैदान हॅम्पडन पार्क, एक लाखावर प्रेक्षक. सेल्टिक दोनदा मागे पडलं, बर्टी ऑल्डने दोनदा बरोबरी साधली. २-२ असताना, शेवटची नऊएक मिनिटं उरलेली, चार्ली गॅलॅगरने डावीकडून कॉर्नर घेतला. मागून पळत आलेल्या मॅकनीलने उंच उडी मारली आणि हेडर, म्हणजे डोक्याने मारलेला बॉल, थेट जाळ्यात. ३-२. १९५७ नंतरचा सेल्टिकचा पहिला मोठा कप. त्याच वर्षी स्कॉटलंडच्या फुटबॉल पत्रकारांनी वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार सुरू केला आणि तो पहिल्यांदा मिळाला या डिफेंडरला. पेपरात नाव येत नाही म्हणणाऱ्या मुलीला हे ऐकवाच.

दुसरा हेडर दोन वर्षांनी, ८ मार्च १९६७ ला. युरोपियन कपची, म्हणजे आजच्या चॅम्पियन्स लीगची, उपांत्यपूर्व फेरी, युगोस्लाव्हियाच्या वोयवोदिना क्लबविरुद्ध. पहिला सामना सेल्टिक तिथे ०-१ ने हरलेलं. घरच्या सामन्यात स्टीव्ही चामर्सने एक गोल केला, म्हणजे एकूण १-१. तसंच संपलं असतं तर निर्णायक तिसरा सामना रॉटरडॅमला झाला असता. अगदी शेवटच्या मिनिटाला कॉर्नर मिळाला, आणि घ्यायला आला पुन्हा गॅलॅगर. पुन्हा मॅकनीलचं डोकं, पुन्हा गोल. सेल्टिकची पुढची सगळी कीर्ती या दोन कॉर्नरवर उभी आहे. त्याच वर्षी लिस्बनला झालेल्या या कपच्या फायनलमध्ये गॅलॅगर अकरा जणांत नव्हता, याची मला आजही हळहळ वाटते.

डिफेंडरचेही गोलच सांगतोय, असं तुम्ही म्हणाल. बरोबर आहे. ते आधी सांगितले, कारण मुलीला ते पटकन भिडतील. पण मॅकनीलची खरी किंमत कळते ती २५ मे १९६७ च्या फायनलमध्ये, आणि तिथे त्याने गोल केला नाही.

लिस्बनचं राष्ट्रीय स्टेडियम. समोर मॅनेजर एलेनिओ एरेराचा इटलीतला इंटर मिलान, १९६४ आणि १९६५ चा विजेता. एक गोल करायचा आणि मग दार लावून बसायचं, या खेळात जगात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. तोवर हा कप स्पेन, पोर्तुगाल आणि इटली सोडून कुठे गेलेलाही नव्हता. सेल्टिकचे अकराही जण ग्लासगोपासून तीस मैलांच्या आत जन्मलेले. सातव्या मिनिटाला जिम क्रेगच्या फाउलवर इंटरला पेनल्टी मिळाली, मॅझोलाने गोल केला, आणि इंटरने दार लावलं.

आता यानंतर सेल्टिक कसं खेळलं ते बघा. त्यांनी दोन्ही फुलबॅक, म्हणजे कडेचे डिफेंडर, पुढे सोडले, उजवीकडून क्रेग, डावीकडून टॉमी जेमेल. बॉल दोनदा क्रॉसबारवर आपटला, इंटरच्या गोलकीपरने, सार्तीने, कितीतरी शॉट अडवले. ६३ व्या मिनिटाला बरोबरी झाली ती अशी: क्रेगने बॉक्सच्या कडेला बॉल क्षणभर धरला, आडवा पास दिला आणि जेमेलने लांबून तो असा हाणला की सार्तीला हलायलाही वेळ मिळाला नाही. म्हणजे युरोपियन कपच्या फायनलमध्ये राइट बॅकने पास दिला आणि लेफ्ट बॅकने गोल केला! ८४ व्या मिनिटाचा विजयी गोल चामर्सच्या नावावर आहे, पण तिथेही बॉल डावीकडून जेमेलनेच आत दिला, बॉबी मर्डोकने शॉट मारला आणि चामर्सने वाटेत पाय लावला.

मग त्या वेळी मागे कोण होतं? मॅकनील आणि जॉन क्लार्क. क्लार्कचं टोपणनाव ‘ब्रश’, कारण मागे उरलेलं सगळं तो झाडून काढायचा. इंटरचा सगळा खेळच प्रतिहल्ल्याचा होता. मॅझोलासारखा माणूस एका लांब पासची वाट बघत उभा, आणि त्याच्यासमोर दोघंच. या दोघांवर भरवसा नसता तर कुठल्याही मॅनेजरने दोन्ही फुलबॅकना एकाच वेळी इतकं पुढे जाऊ दिलं नसतं. तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर हेच आहे. डिफेंडरने स्वतः काय केलं एवढंच बघू नका. तो मागे आहे म्हणून बाकीच्या दहा जणांना काय करायची हिंमत झाली, ते बघा. या मापाने जेमेलच्या त्या गोलात मॅकनीलचा वाटा आहे, मग आकड्यांत तो दिसो वा न दिसो.

सामना संपल्यावर लोक मैदानात घुसले. बाकीचा संघ ड्रेसिंग रूममध्ये अडकला आणि कप घ्यायला मॅकनीलला स्टेडियमच्या बाहेरून वळसा घालून जावं लागलं. पांढऱ्या संगमरवरी चौथऱ्यावर दोन्ही हातांनी कप डोक्यावर धरलेला त्याचा फोटो तुम्ही कुठे ना कुठे पाहिला असेल. हा कप उचलणारा तो ब्रिटनमधला पहिला कॅप्टन. बस्बींच्या मँचेस्टर युनायटेडने तो जिंकला पुढच्या वर्षी.

त्याचा वाईट दिवसही सांगतो, कारण प्रत्येक डिफेंडरच्या वाट्याला तो येतो. १९७० मध्ये सेल्टिक पुन्हा फायनलला गेलं, मिलानमध्ये, हॉलंडच्या फेयेनूर्डविरुद्ध. जादा वेळ संपायला तीन-चार मिनिटं असताना एक लांब फ्री किक मॅकनीलच्या डोक्यावरून आली. मागे सरकताना त्याचा तोल गेला, बॉल हाताला लागला, रेफरीने खेळ थांबवला नाही आणि किंडवालने गोल केला. सेल्टिक १-२ ने हरलं. त्यानंतर मॅकनील पाच वर्षं खेळला आणि कॅप्टनच राहिला. असल्या एका क्षणाने डिफेंडरचं सगळं मातीत जात नाही, हे तुमच्या मुलीला कुणीतरी वेळीच सांगायला हवं. मला कुणी सांगितलं नव्हतं.

आकडे हवेच असतील तर: सेल्टिकसाठी ७९० सामने, आणि त्यात एकदाही बदली खेळाडू आणून त्याला बाहेर काढलेलं नाही. १९६६ ते १९७४ सलग नऊ वेळा लीग, सात स्कॉटिश कप, सहा लीग कप, एक युरोपियन कप. शेवटचा सामना १९७५ ची स्कॉटिश कप फायनल, एअरड्रीविरुद्ध, तीही जिंकलेली. स्कॉटलंडकडून मात्र फक्त २९ सामने. त्याच्या उमेदीच्या सगळ्या वर्षांत, म्हणजे १९५८ ते १९७४ च्या मधल्या काळात, स्कॉटलंड एकाही वर्ल्ड कपला पात्र ठरलं नाही, त्यामुळे तो कधी वर्ल्ड कप खेळलाच नाही. १९६७ मध्येच स्कॉटलंडने वेम्बलीवर वर्ल्ड कप विजेत्या इंग्लंडला ३-२ ने हरवलं, त्या संघातही तो नव्हता.

पुढे तो मॅनेजर झाला. सेल्टिकचा तो दोनदा मॅनेजर होता. क्लबच्या शताब्दी वर्षात, १९८७-८८ मध्ये, लीग आणि कप दोन्ही मिळवले. इंग्लंडमध्ये तितकं जमलं नाही. तुमच्या प्रश्नापुरतं एवढं पुरे.

आता एक गोष्ट, जी तुम्ही विचारलेली नाही, पण १३ वर्षांच्या स्टॉपरच्या पालकांना न सांगता मी हे उत्तर संपवू शकत नाही. मॅकनीलला म्हातारपणी डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, झाला. २०१७ मध्ये, लिस्बनला पन्नास वर्षं होत असताना, घरच्यांनी ते जाहीर केलं, तेव्हा त्याला बोलणंही अवघड झालेलं होतं. २२ एप्रिल २०१९ ला तो गेला. आठवड्याभरातच स्टीव्ही चामर्स गेला, लिस्बनचा विजयी गोल करणारा. त्यालाही डिमेन्शियाच होता.

एका माणसाचा आजार हेडरमुळेच झाला असं कुणाला छातीठोकपणे सांगता येत नाही. पण त्याच वर्षी ग्लासगो विद्यापीठातल्या विली स्टुअर्ट यांच्या गटाने ७,६७६ माजी स्कॉटिश व्यावसायिक फुटबॉलपटूंच्या मृत्यूंची नोंद सर्वसामान्य लोकांशी ताडून पाहिली. मेंदू झिजवणाऱ्या आजारांनी मरण्याचं प्रमाण खेळाडूंमध्ये सुमारे साडेतीन पट निघालं. २०२१ मध्ये त्यांनी खेळाडूच्या मैदानावरच्या जागेनुसार पाहिलं: गोलकीपरमध्ये सर्वसामान्य लोकांच्या तुलनेत फारसा फरक नाही, डिफेंडरमध्ये तो धोका जवळपास पाच पट. कारकीर्द जितकी लांब तितका धोका जास्त. स्टॉपर म्हणून हे वाचताना मला फार अस्वस्थ वाटलं. ज्या दोन हेडरांवर सेल्टिकचा इतिहास बदलला, ते मारायला शिकताना त्याने सरावात किती हजार वेळा डोकं लावलं असेल!

म्हणून स्कॉटलंडने २०२० मध्ये प्राथमिक शाळेच्या वयाच्या मुलांना सरावात हेडर बंद केले. २०२२ पासून तिथले व्यावसायिक क्लबही सामन्याच्या आदल्या आणि दुसऱ्या दिवशी हेडरचा सराव घेत नाहीत.

तेव्हा मुलीला मागेच खेळू द्या. स्टॉपरचं मोठं काम पायांचं, नजरेचं आणि तोंडाचं असतं: कुठे उभं राहायचं, कुणाला हाक मारायची, बॉल आला की घाबरून लांब न हाणता पास कसा द्यायचा. पण तिच्या प्रशिक्षकांना भेटून विचारा की आठवड्यात हेडर किती घेतले जातात. हेडर शिकवायचेच तर आधी हलक्या बॉलने, हाताने उडवलेल्या, आणि मोजके. गोलकीपरच्या उंच किकवर एकामागून एक हेडर मारायला लावत असतील तर सरळ नाही म्हणा, आणि डोक्याला मार लागला तर त्या दिवशी तिला परत मैदानात जाऊ देऊ नका.