वजन ९८ किलो, रनिंगचे शूज तीन महिन्यात बसतात, सपोर्टवाले टिकाऊ शूज कोणते घ्यावेत?

मी स्वतः १०३ किलोचा आहे, पळायला लागलो तेव्हा ११२ होतो, तेव्हा हे एका जाड माणसाने दुसऱ्या जाड माणसाला दिलेलं उत्तर समजा आणि शब्दाचा राग मानू नका. राहायला साताऱ्यात, म्हणजे घराबाहेर पडलं की एकतर चढ नाहीतर उतार, सपाट रस्ता शोधावा लागतो. चार वर्षात सहा जोड वापरले, त्यातले दोन पूर्ण वाया गेले, त्यामुळे काय घेऊ नये हे मला जास्त नीट सांगता येईल.

तुम्ही लिहिलंय की आठवड्यातून चार दिवस ५-५ किमी डांबरावर पळता, सेलमध्ये घेतलेले मेमरी फोमचे शूज तीन महिन्यात चपटे झाले, डाव्या गुडघ्याला आतल्या बाजूने दुखतंय, दुकानवाला म्हणतो तुमचे पाय फ्लॅट आहेत सपोर्टवालेच घ्या, आणि बजेट सात हजार. बरोबर ना?

आधी त्या मेमरी फोमचं सांगतो कारण मी पण तिथेच आपटलो होतो. पहिला जोड घेताना मी काय केलं, दुकानात बूट हातात घेतला, अंगठ्याने टाच दाबली, लोण्यासारखी आत गेली, म्हटलं वा, गुडघ्याला हेच पाहिजे. आता माझ्या अंगठ्याचा जोर असून असून किती असणार, चार-पाच किलो? पळताना प्रत्येक पावलाला जमिनीवर जो भार पडतो तो वजनाच्या दोन ते अडीच पट असतो, कधी तीन पण. म्हणजे तुमच्या केसमध्ये दोनशे ते अडीचशे किलो, एका पायावर, आणि हळू पळणाऱ्याची एका किलोमीटरला बाराशेच्या आसपास पावलं होतात. अंगठ्याला जे मऊ लागतं ते या भाराखाली पहिल्याच दिवशी तळाला टेकतं. आणि मेमरी फोम म्हणजे नुसती आतली सुखतळी असते हो, पाय घातल्यावर मऊ वाटावं म्हणून, झटका झेलणारा थर त्याच्या खाली असतो आणि अशा शूजमध्ये तोच हलका दिलेला असतो. ते चालायचे शूज आहेत, नाव काही पण छापू दे.

फोम बसतो म्हणजे काय तर गादीतला कापूस बसतो तसंच. फरक एवढाच की गादीला पिंजारी मिळायचा, शूजला नाही मिळत. बहुतेक शूजमध्ये ईव्हीए नावाचा फोम असतो, त्यात हवेचे बारीक बारीक फुगे असतात, ते दाबून दाबून चेपतात आणि मग परत फुगत नाहीत. कंपन्या साधारण ५०० ते ८०० किमी आयुष्य सांगतात पण ते सत्तर-पंच्याहत्तर किलोच्या माणसाचं धरा, आपल्याला ४००-५०० मिळाले तर पैसे वसूल. तुमचा हिशोब आठवड्याला वीस म्हणजे तीन महिन्यात अडीचशे किमी होतो. कमीच आहे, पण तो शूजच त्या कामाचा नव्हता.

आता सपोर्ट. हा शब्द दुकानात फार स्वस्त झालाय. मूळ अर्थ असा की पाय टेकल्यावर टाच आतल्या बाजूला थोडी कलते, ते सगळ्यांचंच कलतं आणि तसं कलायलाच पाहिजे, पण ज्यांचं जास्त कलतं त्यांच्यासाठी कमानीच्या बाजूला कडक फोमची पाचर बसवायचे. ॲसिक्सचा जेल कायानो १९९३ पासून येतोय तो याच जातीचा, ब्रूक्सचा ॲड्रेनलिन, सॉकनीचा गाइड, न्यू बॅलन्सचा ८६० हे सगळे त्याचे भाऊबंद. गंमत म्हणजे २०२३ ला कायानो ३० आला त्यात त्यांनी ती कडक पाचर काढूनच टाकली, त्याऐवजी तळ रुंद केला आणि कमानीखाली वेगळा, उसळून येणारा फोम टाकला. ब्रूक्सने तर त्याच्या आधीच टाचेच्या दोन्ही बाजूंना कठड्यासारख्या पट्ट्या द्यायला सुरुवात केली होती. म्हणजे बनवणारेच पाय जबरदस्तीने सरळ करायचा नाद सोडत चाललेत आणि आपला दुकानवाला अजून ओल्या पायाचा ठसा बघून फ्लॅट फूट फ्लॅट फूट करतोय. अमेरिकन लष्कराने हजारो रंगरुटांवर हे करून बघितलं, पायाच्या कमानीचा आकार बघून त्याप्रमाणे शूज वाटले, आणि दुसऱ्या गटाला सगळ्यांना सरसकट एकच प्रकार दिला, दुखापतींमध्ये म्हणावा असा फरक पडलाच नाही. याचा अर्थ सपोर्टवाले शूज फालतू आहेत असा नाही, ज्यांचा पाय खरंच खूप आत पडतो त्यांना फायदा होतो असं पण एका प्रयोगात दिसलंय. पण फक्त कमान सपाट आहे म्हणून डोळे झाकून घेऊ नका.

मग बघायचं काय? माझ्या मते आपल्यासारख्यांनी सगळ्यात आधी तळाची रुंदी बघावी. बूट उलटा करा आणि मधली कंबर बघा, जिथे पावलाची कमान येते. काही शूज तिथे एकदम चिंचोळे असतात, डमरूसारखे, ते आपल्या वजनाखाली डुलतात, विशेषतः उतारावर. मी यवतेश्वरचा घाट उतरताना असल्या एका शूजमध्ये दोन वेळा घोटा मुरगाळून घेतलाय. कंबर भरलेली पाहिजे, टाच खाली पसरट पाहिजे, आणि टाचेचा मागचा कप हाताने दाबला तर सहज चेपला नाही पाहिजे. मग बूट दोन्ही हातात धरून ओलं कापड पिळतो तसा पिळून बघा, पूर्ण पिळला गेला तर ठेवून द्या. वाकला पाहिजे तो फक्त चवड्यापाशी, मधोमध वाकत असेल तर तो आपला नाही.

फोम मऊ का कडक यावर लोक भांडतात. लक्झेंबर्गमध्ये ८४८ हौशी रनर्सवर प्रयोग झाला होता, २०२० ला छापून आला. काहींना मऊ शूज काहींना कडक, बाहेरून दिसायला सारखेच. कडकवाल्यांना दुखापती जास्त झाल्या, पण वजनाप्रमाणे वेगळं काढून बघितलं तर तो फरक हलक्या लोकांमध्ये स्पष्ट होता, जड लोकांमध्ये तितका नव्हताच. सगळेजण आपल्याला सांगतात ना की वजन जास्त आहे म्हणजे जास्तीत जास्त मऊ घे, ते काही सिद्ध झालेलं नाही. माझा अनुभव पण तोच आहे, मधला बरा. जाडी भरपूर असू दे पण दाबल्यावर थोडा उलटा जोर देणारा पाहिजे. आणि ते रेसवाले शूज, तळात कार्बनची कडक पट्टी (कार्बन प्लेट) आणि अगदी हलका उसळणारा फोम, रीलमध्ये कितीही भारी दिसले तरी त्याच्या वाटेला जाऊ नका, पंधरा-वीस हजार घालून दोन-तीनशे किलोमीटरमध्ये फोम मरतो.

मापाचं तर बोलायलाच नको. मी आयुष्यभर ९ नंबर घालत होतो, कॉलेजमध्ये मोजला होता तो. वजन वाढलं की पाय पण पसरतो, लांबीला थोडा आणि रुंदीला जास्त, आणि पळताना अजून सुजतो. आता मी १० घालतो आणि तो पण वाइड. रुंदी अक्षरात लिहिलेली असते, पुरुषांचा नेहमीचा डी, त्यापुढे २ई आणि ४ई, बायकांचा नेहमीचा बी आणि वाइड म्हणजे डी. आपल्याकडे दुकानात २ई मागितला तर निम्मे लोक तोंडाकडे बघतात, मग वाइड म्हणा. ॲसिक्स आणि न्यू बॅलन्समध्ये काही मॉडेल मिळतात. वाइड मिळत नाही म्हणून एक नंबर मोठा घेतला तर टाच मागे सटकते आणि नखं काळी होतात, माझी दोन गेली. संध्याकाळी जा, दिवसभर उभं राहून पाय फुगलेले असताना, पळायचे मोजे घालून, आणि उभं राहून पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा राहते का बघा. युके नंबर, युएस नंबर यात घोळ होतो, ऑनलाइन घेताना सेंटीमीटर बघा तेच खरं.

ड्रॉप म्हणून एक भानगड असते, टाच आणि चवडा यांच्या उंचीतला फरक. ८ ते १२ मिमीवाले घ्या. कमी ड्रॉपमध्ये, म्हणजे ४-५ मिमी, पोटरी आणि टाचेमागच्या शिरेवर ताण जातो आणि आपल्या वजनाला ती शीर एकदा दुखावली की सहा-सहा महिने पिच्छा सोडत नाही. होकाचे जाडजूड शूज बऱ्याच जड लोकांना आवडतात, पण त्यातल्या बऱ्याच मॉडेलमध्ये ड्रॉप कमी असतो हे लक्षात ठेवून सावकाश सवय करा.

टिकाऊपणा म्हणाल तर तळाचं रबर बघा. टाचेच्या बाहेरच्या कडेला आणि चवड्याखाली काळं कडक रबर पाहिजे, नखाने दाबून सहज खूण उमटत असेल तर ते फुगवलेलं हलकं रबर आहे, डांबरावर खोडरबरासारखं झिजतं. काही शूजमध्ये तर फोमच सरळ जमिनीला टेकवलेला असतो, त्यात खडी अडकून बसते. पण खरं सांगू का, आपल्याकडे रबर झिजायच्या आधी फोम मरतो, तळ नवाकोरा दिसतो म्हणून लोक वर्षभर ओढतात आणि मग गुडघा धरून बसतात. बूट टेबलावर ठेवून मागून बघा, एका बाजूला कललाय का, फोमवर आडव्या सुरकुत्या पडल्यात का. टाचेची बाहेरची कड झिजणं नॉर्मल आहे, त्याला घाबरू नका.

आमच्याकडे पावसाचा अजून एक त्रास. ओले शूज उन्हात किंवा गिझरवर वाळवले की डिंक सुटतो आणि तळ तोंड उघडतो. माझा एक जोड असा सुटला, कोपऱ्यावरच्या काकांकडे दिला तर त्यांनी प्रेमाने चारी बाजूने जाड दोऱ्याने शिवून दिला, आणि पंधरा दिवसात फोम त्या टाक्यांच्या रेषेतच फाटला. शिवायचा नाही, नुसता चिकटवायचा. सुखतळी काढायची, आत वर्तमानपत्र कोंबायचं, पंख्याखाली ठेवायचं, दोन तासांनी कागद बदलायचा.

यावरूनच दोन जोडांचं सांगतो. तुम्ही एकच भारी जोड घेण्यापेक्षा दोन मध्यम घ्या आणि आलटून पालटून वापरा. पावसात वाळायला वेळ मिळतो, आणि लक्झेंबर्गच्याच त्या मंडळींनी आधी २६४ रनर्सवर बघितलं होतं की दोन-तीन वेगळे शूज फिरवून वापरणाऱ्यांना दुखापती कमी झाल्या. पण दोन्ही वेगळ्या मॉडेलचे घ्या.

मी काय वापरतो? एक ॲसिक्सचा जीटी-१०००, सेलमध्ये मागच्या वर्षीचं मॉडेल घेतलेला, आणि एक ब्रूक्स, जो भाचा न्यू जर्सीहून येताना घेऊन आला कारण २ई इथे मिळेना. त्याला मी आधी बीस्ट आणायला सांगितला होता, ब्रूक्सचं जड माणसांचं जुनं प्रसिद्ध मॉडेल, नाव ऐकून बायको इतकी हसली की शेवटी ॲड्रेनलिन मागवला. सात हजारात तुम्ही कायानोच्या मागे लागू नका, तो पंधराच्या वर जातो. जीटी-१००० चं जुनं मॉडेल, नाहीतर डिकॅथलॉनमध्ये जाऊन तिथल्या तिथे दोन-चार चकरा पळून बघा, पळून बघितल्याशिवाय घ्यायचाच नाही. सगळं तपासून झाल्यावर दोनात अडकलात तर जो पायाला पहिल्या मिनिटाला बरा वाटला तो घ्या, नंतर सवय होईल म्हणणाऱ्या सेल्समनचं ऐकू नका. आणि फर्स्ट कॉपी तर फुकट मिळाली तरी नको.

गुडघ्याचं मात्र शूजवर सोडू नका. नवीन शूज घालून दोन आठवडे दोन मिनिटं पळणं एक मिनिट चालणं असं करून बघा, मी घाट चढताना अजून तसंच करतो आणि लाज वाटत नाही. तरी आतल्या बाजूचं दुखणं राहिलं, किंवा सूज आली, जिना उतरताना गुडघा सटकल्यासारखा वाटला, तर ऑर्थोपेडिककडे जा, आणि जाताना तो चपटा झालेला जुना जोड पिशवीत घालून न्या. माझ्या डॉक्टरांनी एक्स-रेच्या आधी शूजच उलटे करून बघितले होते.