चालतं पॉन शॉप विकत घेताना: बंदुकांचा परवाना, वही आणि एटीएफची तपासणी

प्रश्न थोडक्यात असा: मेहुणे ह्यूस्टनमध्ये चालतं पॉन शॉप, म्हणजे वस्तू गहाण ठेवून पैसे देणारं दुकान, विकत घेत आहेत. गहाणाच्या आणि विक्रीच्या मिळून पन्नासेक बंदुका आत आहेत, परवाना जुन्या मालकाच्या नावाचा आहे. तपासणीला माणूस आला तर तो काय बघतो?

तपासणी राहू द्या, आधी परवाना. एफएफएल, म्हणजे बंदुकांच्या व्यापाराचा फेडरल परवाना, दुकानाबरोबर विकत मिळत नाही. मेहुण्यांनी फक्त माल, भाडेकरार आणि पाटी घेतली, तर त्यांना स्वतःच्या नावाने नवा अर्ज करावा लागेल. परवाना एखाद्या कंपनीच्या नावावर असेल आणि ते ती कंपनीच ताब्यात घेणार असतील, तर परवाना मुदत संपेपर्यंत चालतो. मात्र ताबा बदलल्याचं ३० दिवसांत एटीएफला, म्हणजे बंदुकांच्या व्यापारावर देखरेख ठेवणाऱ्या फेडरल संस्थेला, लेखी कळवावं लागतं, आणि मुदत संपल्यावर नूतनीकरण न होता नव्याने अर्ज करावा लागतो. वकील किंवा दलाल ‘परवाना आहेच’ म्हणाला, तर यापैकी कोणता व्यवहार आहे ते आधी विचारा.

पॉन शॉपला ‘टाइप ०२’ परवाना लागतो. साध्या विक्रेत्याचा ०१ असतो, तो गहाणासाठी चालत नाही. तीन वर्षांचे २०० डॉलर, पुढच्या प्रत्येक नूतनीकरणाला ९०. अर्ज फॉर्म ७ वर करायचा. धंद्याचे निर्णय घेणाऱ्या प्रत्येक ‘जबाबदार व्यक्ती’चे बोटांचे ठसे आणि फोटो जोडायचे, अर्जाची प्रत स्थानिक पोलिसप्रमुखाला द्यायची. अर्ज सर्व बाजूंनी पूर्ण असेल तर एटीएफला निर्णयासाठी ६० दिवस असतात. त्या काळात तपासनीस प्रत्यक्ष येऊन मुलाखत घेतो आणि त्या जागेत हा धंदा स्थानिक नियमांप्रमाणे चालतो का ते पाहतो. टेक्सासमध्ये बंदूक विक्रीचा राज्याचा वेगळा परवाना नाही, पण पॉन शॉपचा आहे, आणि तो कन्झ्युमर क्रेडिट कमिशनरच्या कार्यालयाकडून मिळतो. एक हातात आला म्हणून दुसऱ्याशिवाय गहाण घ्यायला सुरुवात करू नका.

आता देखरेखीचं मर्म. कोणाकडे कोणती बंदूक आहे याची मध्यवर्ती नोंदवही ठेवायला अमेरिकेत १९८६ च्या कायद्याने बंदी आहे. विक्रीच्या वेळी एफबीआयच्या ‘निक्स’ यंत्रणेकडून होणारी खरेदीदाराच्या पार्श्वभूमीची चौकशी मंजूर झाली, तर तिचा तपशीलही २४ तासांत पुसावा लागतो. मग गुन्ह्यात सापडलेली बंदूक कोणाची हे कळणार कसं? वेस्ट व्हर्जिनियातल्या मार्टिन्सबर्गच्या एटीएफच्या ट्रेसिंग सेंटरमधला, म्हणजे बंदुकांचा माग (‘ट्रेस’) काढणाऱ्या केंद्रातला माणूस आधी कारखानदाराला विचारतो, मग घाऊक व्यापाऱ्याला, आणि शेवटी किरकोळ दुकानदाराला. तुम्हाला २४ तासांत उत्तर द्यावं लागतं. म्हणजे सरकारची नोंद तुमच्याच दुकानातल्या कपाटात असते. एवढं ध्यानात आलं की वहीतल्या एका रिकाम्या रकान्यावरून एटीएफवाले इतके कडक का होतात हे वेगळं सांगावं लागत नाही.

ही वही म्हणजे ‘बाउंड बुक’. डावीकडे आवक: तारीख, कोणाकडून आली, कारखानदार, आयातदार असल्यास तोही, मॉडेल, अनुक्रमांक, प्रकार, कॅलिबर. उजवीकडे जावक. बंदूक आल्यावर लगेच पुढच्या कामकाजाच्या दिवसाअखेर आवक लिहिलेली हवी आणि गेल्यावर ७ दिवसांत जावक. कायदा ७ दिवस देतो म्हणून सात दिवस लावू नका, गिऱ्हाईक काउंटरवर असतानाच लिहा. आयात केलेल्या बंदुकीवर दोन नावं कोरलेली असतात, त्यातलं मोठ्या अक्षरातलं लिहून लोक मोकळे होतात. अनुक्रमांकात शून्य आणि ‘ओ’, एक आणि ‘आय’ यांची अदलाबदल ही नेहमीची चूक. क्रमांक खोक्यावरून कधीच उतरवू नका, बंदुकीवरून उतरवा. चुकलं तर एकच रेघ मारून दुरुस्ती करा, बाजूला आद्याक्षरं आणि तारीख घाला. व्हाइटनर लावलेली ओळ चुकीच्या ओळीपेक्षा जास्त संशयास्पद दिसते.

पॉन शॉपची स्वतःची गोम इथे आहे. बंदूक गहाण आली की आवक, सोडवून नेली की जावक, आणि सोडवायला येणारा तिचा मूळ मालक असला तरी फॉर्म ४४७३ (बंदूक घेणाऱ्याने स्वतःची माहिती भरून सही करायचा फॉर्म) आणि निक्स चौकशी दोन्ही लागतात. ‘त्याचीच तर आहे’ हे उत्तर चालत नाही. चौकशीत नकार आला तर बंदूक त्याला देता येत नाही, मग पैसे भरायला तो कितीही तयार असो. दुरुस्तीला आलेल्या बंदुकीचं वेगळं आहे: ती त्याच माणसाला परत देताना ४४७३ लागत नाही, आणि त्याच दिवशी परत गेली तर वहीतही येत नाही. रात्रभर राहिली तर मात्र नोंद हवी.

४४७३ मध्ये सर्वात जास्त चुका गिऱ्हाइकाच्या हातून होतात आणि भोगावं दुकानदाराला लागतं. रिकामा रकाना, काउंटीच्या नावाऐवजी ‘यूएसए’, ओळखपत्रावर जुना पत्ता. पत्ता जुना असेल तर सध्याचा पत्ता दाखवणारं दुसरं सरकारी कागदपत्र जोडावं लागतं. २१.अ हा प्रश्न, म्हणजे खरा खरेदीदार तुम्हीच का, वाचून न घेता टिक करू देऊ नका. दुसऱ्यासाठी आपल्या नावावर बंदूक घेण्याला २०२२ च्या कायद्याने १५ वर्षांपर्यंत शिक्षा आहे. बायको काउंटरवर सही करते आणि नवरा मागून बंदूक निवडतो, असं दिसलं तर विक्री तिथेच थांबवा. ‘नाही’ म्हणायचा अधिकार दुकानदाराला आहे.

चौकशीचं उत्तर तीन प्रकारचं येतं: पुढे जा, थांबा, नकार. ‘थांबा’ आलं आणि तीन कामकाजाच्या दिवसांत निर्णय कळला नाही, तर फेडरल कायद्याने बंदूक देता येते. देणं बंधनकारक मात्र नाही. चार्ल्सटनच्या चर्चमध्ये २०१५ साली गोळीबार करणाऱ्याला बंदूक याच फटीतून मिळाली होती. दिवस मोजताना चौकशीचा दिवस धरत नाहीत. गुरुवारी चौकशी केली तर शुक्रवार, सोमवार, मंगळवार हे तीन दिवस, आणि बंदूक देता येते ती बुधवारी. २१ वर्षांखालच्या गिऱ्हाइकासाठी ही मुदत १० कामकाजाच्या दिवसांपर्यंत वाढू शकते. त्यांना हँडगन तर विकताच येत नाही. एक चौकशी ३० दिवस चालते, ३१ व्या दिवशी नवी करा. देवाणघेवाण दुसऱ्या दिवशी झाली तर गिऱ्हाइकाने पुन्हा सही करायची असते. तपासनीस ती सही हमखास शोधतो.

एकाच माणसाने पाच सलग कामकाजाच्या दिवसांत दोन किंवा जास्त हँडगन घेतल्या, तर त्याच दिवशी दुकान बंद होण्याआधी फॉर्म ३३१०.४ पाठवायचा. मंगळवारी एक, शुक्रवारी एक, आणि काउंटरवर वेगवेगळे कारकून, असं असलं की हा हमखास राहून जातो. आपलीच गहाण हँडगन सोडवून नेणाऱ्याला हा फॉर्म लागत नाही. टेक्सास हे सीमेवरच्या चार राज्यांपैकी एक असल्याने काही सेमी-ऑटोमॅटिक रायफलींसाठीही असाच वेगळा फॉर्म आहे.

आता तपासणी. येणारा ‘इंडस्ट्री ऑपरेशन्स इन्व्हेस्टिगेटर’ असतो. त्याच्याकडे शस्त्र नसतं, अटकेचे अधिकार नसतात. दुकानाच्या वेळेत तो वॉरंटशिवाय येऊ शकतो, पण अशी साधी तपासणी १२ महिन्यांतून एकदाच. ट्रेस किंवा गुन्ह्याचा तपास असेल तर ही मर्यादा नाही. तो आधी वहीतल्या ‘उघड्या’ ओळी काढतो, म्हणजे आवक आहे आणि जावक नाही अशा. मग तिजोरी, शोकेस, मागची खोली फिरून प्रत्येक बंदुकीचा क्रमांक वाचतो. वहीत आहे आणि दुकानात नाही ती ‘बेपत्ता’. दुकानात आहे आणि वहीत नाही ती नोंद चुकवलेली. त्यानंतर ४४७३ चे गठ्ठे. तुम्हाला स्वतःहून वार्षिक मोजणी करायला लावण्याची मुभा एटीएफला कायद्यानेच नाही. म्हणून अनेक दुकानं ती करत नाहीत आणि पहिली मोजणी तपासनीसच करतो. पन्नास बंदुका मोजायला तासभर लागतो, दर महिन्याला मोजा. चोरी किंवा गहाळ लक्षात आल्यापासून ४८ तासांत एटीएफ आणि स्थानिक पोलिस दोघांना कळवायचं असतं, ते घड्याळही त्या मोजणीतूनच सुरू होतं.

जुन्या ४४७३ मध्ये चूक सापडली तर मूळ कागदाला हात लावू नका. त्याची झेरॉक्स काढून तिच्यावर दुरुस्ती, आद्याक्षरं, तारीख, आणि ती मूळ कागदाला जोडा.

एका चुकीने सहसा परवाना जात नाही. आधी उल्लंघनांचा अहवाल, मग इशारापत्र, मग बैठक. परवाना रद्द करायला चूक ‘जाणूनबुजून’ केलेली असावी लागते, आणि न्यायालयं तिचा अर्थ ‘नियम माहीत असूनही बेफिकिरी’ असा लावतात. परवाना देताना तपासनीस नियमांची यादी वाचून दाखवतो आणि तिच्यावर सही घेतो ती याचसाठी. त्याच चुकीचा दुसरा अहवाल आला की ‘माहीत नव्हतं’ म्हणायला जागा उरत नाही. रद्द करण्याची नोटीस आली तर सुनावणी मागायला १५ दिवस मिळतात, अंतिम आदेशानंतर फेडरल जिल्हा न्यायालयात जायला ६०.

जुन्या मालकाकडच्या वह्या आणि ४४७३ व्यवहाराच्या कागदात स्पष्ट लिहून घ्या. धंदा पुढे चालवणारा परवानाधारक असेल तर त्या त्याच्याकडे येऊ शकतात, नाहीतर ३० दिवसांत एटीएफकडे जातात. पन्नासच्या पन्नास बंदुका त्याच्या वहीत जावक आणि तुमच्या वहीत आवक अशा दिसल्या पाहिजेत. ते करण्याआधी, पैसे देण्याच्याही आधी, त्याच्या उघड्या ओळी आणि माल मोजून घ्या.

आणि आपल्याकडच्या कुटुंबांत हमखास होणारी गोष्ट: एच-१बी, एच-४ किंवा एफ-१ वर असलेला भाचा-पुतण्या संध्याकाळी काउंटरला मदत करतो. नॉन-इमिग्रंट व्हिसावरच्या माणसाला, राज्याच्या वैध शिकार परवान्यासारखे मोजके अपवाद सोडले, तर बंदूक बाळगायलाच बंदी आहे, आणि शोकेसमधून काढून गिऱ्हाइकाच्या हातात देणं हेही बाळगणंच ठरू शकतं. ग्रीन कार्डवाल्याला ही अडचण नाही. भाच्याला दागिन्यांच्या काउंटरवर बसवा आणि बंदुकांच्या कपाटाची किल्ली त्याच्याकडे देऊ नका.